गोलामागचा आवाज : एका फिरत्या गोलकीपरच्या कोचिंगचं प्रकरण

ऑगस्ट २०२३. शाळेमागचं काळ्या मातीचं पटांगण, आदल्या रात्रीच्या पावसानं चिकट झालेलं. फक्की मारलेल्या रेषा निम्म्या धुऊन गेलेल्या. सतरा वर्षांखालील मुलींचा तालुकास्तरीय सामना चालू होता. एका गोलामागे, बेशरमीच्या झुडपांना पाठ लावून, चाळिशीचा एक माणूस अखंड ओरडत होता. ‘डावीकडं सरक. मांगं पाय, मांगं! आता काढ ना वं, काढ!’ त्याच्या पुढ्यात गोलात पंधरा वर्षांची एक मुलगी उभी होती. ग्लव्ज तिच्या हाताला मोठे होत होते, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता.

मध्यंतरापर्यंत ०-० होतं. समोरच्या शाळेचा शारीरिक शिक्षक मी होतो. आमच्या पोरी दहा वेळा पुढे गेल्या आणि दहा वेळा परत आल्या. मध्यंतरात मी पंचांकडे गेलो आणि म्हणालो, कोचनं गोलामागे उभं राहायचं नसतं, त्याला बाकाजवळ बसवा. नियम माझ्या बाजूनं होता. पंचांनी त्याला हटवलं. उत्तरार्धात आम्ही ४-० नं जिंकलो.

त्या दिवशी मला स्वतःची हुशारी वाटली होती. पुढे वर्षभर मी त्या माणसाचं काम जवळून पाहिलं, आणि आता हे लिहितो आहे ते त्या चार गोलांमुळे. ते कसे झाले आणि त्यावर त्यानं काय केलं, एवढंच हे प्रकरण आहे.

फिरस्ती

त्याचं नाव देत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपासच्या कोळसा पट्ट्यात त्याला कीपरभाऊ म्हणतात, ते पुरेसं आहे. शाळेत असताना, १९९७ च्या सुमारास, तो गोलात उभा राहिला त्याचं कारण नेहमीचंच : उंच होता आणि पळायचा कंटाळा. शिकवणारे गुरुजी जुन्या वळणाचे. साथीदारानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ सालीच आला होता, पण आमच्या मैदानांवर पोचायला त्याला बराच वेळ लागला. २००१ मध्ये चंद्रपूरला पहिल्यांदा बाहेरच्या संघाकडून खेळताना यानं सवयीनं बॅकपास उचलला. पंचांनी इनडायरेक्ट फ्री किक दिली, चेंडू सहा यार्डांच्या रेषेवर ठेवला गेला आणि गोल झाला. ठरलेले पैसे मिळाले नाहीत, एसटीचं भाडं तेवढं हातावर ठेवलं.

त्यानंतरची वीस वर्षं अशीच. घुग्गुस, माजरी, बल्लारपूर इथल्या स्पर्धा. कामठीत एक हंगाम; कामठीत फुटबॉल काय चीज आहे ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. नागपूरच्या लीगमध्ये एका क्लबच्या बाकावर दीड वर्ष, तिथं सामने तीन. जिल्हा संघात एकदा, तिसरा कीपर म्हणून. आदिलाबाद आणि छिंदवाड्याकडच्या कोळसा खाणींच्या गावांतही जाऊन आला. घरी पत्र्याच्या पेटीत त्यानं जर्स्या जपून ठेवल्यात. सगळ्यांवर क्रमांक १, आणि छातीवर कुठं सिमेंट, कुठं सुपारी, तर एकीवर चक्क ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि शुभेच्छुकांचा फोटो. पोट चालायचं ते तीन एकर कोरडवाहू कापसावर आणि वजनकाट्यावरच्या रात्रपाळीवर.

फोन यायचा तो आदल्या दिवशी. कोणाचा तरी कीपर आजारी पडलेला असायचा, कोणाच्या कीपरची सोयरीक निघालेली असायची. आयोजकांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘ग्लव्ज स्वतःचे आहेत ना?’ तो कसा खेळतो हे कोणी विचारत नसे.

लोक त्याच्याबद्दल ‘कुठंच टिकला नाही’ असं म्हणायचे, मीही म्हटलं आहे. पण त्या फिरस्तीत त्यानं जे कमावलं ते नजरेत भरणारं नव्हतं. सामन्याआधी तासभर तो मैदानावर पोचायचा आणि चारही बॅकना, म्हणजे गोलापुढच्या बचाव खेळाडूंना, गाठून दोनच गोष्टी विचारायचा : नाव काय, आणि चालता पाय कोणता. मग डाव्या मनगटावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर बॉलपेननं चार नावं लिहायचा, डावीकडचा डावीकडं, उजवीकडचा उजवीकडं. ज्याचा उलटा पाय कच्चा त्याच्या नावाखाली रेघ. आदिलाबादला बॅक तेलुगू बोलणारे निघाले, तर तिथल्या चहावाल्याकडून त्यानं दोन शब्द घेतले : ‘नादी’ म्हणजे माझा, ‘वेनक’ म्हणजे मागे. दोन शब्दांवर दोन दिवसांची स्पर्धा काढली. अनोळखी दहा माणसांना पहिल्या दहा मिनिटांत आपल्या आवाजावर चालवायचं, ही त्याची खरी विद्या. सूर मारून चेंडू काढणं हे वरचं.

लॉकडाऊननंतर गुडघा गेला. २०२३ च्या जूनमध्ये एका अनुदानित शाळेनं त्याला विचारलं. त्यांना शारीरिक शिक्षकाची जागा भरून मिळत नव्हती, आणि मुलींचा संघ पाठवायची हौस मुख्याध्यापकांना होती. मानधन ‘बघू’ म्हणाले.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी त्यानं केलेली चूक बहुतेक जुने खेळाडू करतात. लोकांनी ज्या गोष्टीसाठी टाळ्या वाजवल्या, तीच त्यानं शिकवायला घेतली. सगळ्याच पोरींना सूर मारायला लावला, त्याही जूनच्या कडक मातीवर. पोरी कोपरं सोलून घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन आया शाळेत आल्या आणि चौथ्या दिवशी सरावाला नऊच पोरी उरल्या.

हे त्यानं लवकर सुधारलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. बारदान्याची पोती आणून त्यात सोयाबीनचं कुटार भरलं. त्यानं पोरींना खाज सुटली, तेव्हा ते काढून गव्हाचं भरलं. त्या पोत्यांवर आधी बसल्या जागेवरून कुशीवर पडायचं, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, आणि सगळ्यात शेवटी उभ्यानं. पोटावर नाही, कोपरावर नाही. मांडीची बाहेरची बाजू, कंबर, खांदा, या क्रमानं जमिनीला टेकायचं. चेंडू पकडताना दोन्ही अंगठे चेंडूमागे. खाली आला तर करंगळ्या जवळ. हे सगळं तो छान शिकवतो, आजही.

सुतळीचा प्रयोग तर मी त्याच्याकडून उचलला आणि माझ्या शाळेत वापरतो. दोन्ही खांबांना सुतळी बांधायची आणि दुसरी टोकं अकरा मीटरवरच्या चेंडूपाशी एकत्र आणायची. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. गोलरेषेवर उभी असलेली दीड मीटर उंचीची पोरगी त्यात हरवून जाते. तिला तीन मीटर पुढे आणलं की दोन सुतळ्यांमधलं अंतर सव्वापाच मीटरवर येतं. तिथं उभं राहून हात पसरले की तिचं तिलाच कळतं. फार पुढे गेली तर डोक्यावरून चेंडू जातो, तेही तो लगेच वरून टाकून दाखवायचा. कोन म्हणजे काय यावर आमच्या बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, वर्गात फळ्यावर तासभर गेला होता, आणि त्यानंतरही कितीजणांना कळलं होतं देव जाणे.

पण सामन्यात तो गोलामागे जाऊन उभा राहायचा. वीस वर्षं खेळ त्यानं तिथूनच पाहिलेला. बाकावरून मैदान त्याला ‘आडवं दिसते’ म्हणायचा. आणि गोलामागे उभं राहिलं की तोंड आपोआप चालू. बॅकनाही त्या आवाजाची सवय लागली. गोलातली पोरगी फक्त हात-पाय झाली, आवाज मागून येत होता. पंचांनी त्याला उठवलं तेव्हा आवाजही त्याच्याबरोबर बाकावर गेला आणि चार बॅक चार दिशांना पाहत राहिल्या. आमचा दुसरा गोल तर असा होता की चेंडू कीपर आणि सेंटर बॅकच्या मधोमध थांबला होता. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या.

आठवड्याभरानं तो माझ्या घरी आला. मला वाटलं भांडायला आला.

‘सर, तुम्ही मले तिथून काऊन हटवलं?’

मी नियम सांगायला लागलो. त्यानं हात हलवला.

‘नियम माहीत हाय मले. मी बाजूले झालो अन् गोल उघडा पडला. म्हंजे कीपर मीच होतो, सर. पोरगी नुसती उभी होती.’

चहा होईपर्यंत तो त्यावर पुन्हा बोलला नाही. कापसाच्या भावाबद्दल बोलला.

आवाज कुठून आणायचा

गोलातली ही मुलगी कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. संघातल्या निम्म्या पोरी कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, क्वार्टरमधल्या, त्या आपसात हिंदी बोलणाऱ्या. शिवाय वयात आलेल्या पोरीनं चारचौघांत मोठ्यानं ओरडणं हे आपल्याकडं कुठल्याच समाजात वळणाचं मानत नाहीत. ‘पोरीच्या जातीनं एवढं बोंबलावं काय?’ हे वाक्य सरावाच्या कडेनं जाणाऱ्या एका आजीच्या तोंडून मीच ऐकलं आहे. त्यामुळे ‘बोल, बोल’ म्हणून ती बोलणार नव्हती. जितकं सांगावं तितकी ती आक्रसत होती.

वाट सापडली ती अगदी अचानक. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी तो काट्यावर ड्यूटीला निघाला होता. रस्त्याच्या कडेच्या तुरीतून एक आरोळी आली, लांबच लांब, शेवटी उंच चढणारी. तुरीतून तीन रोही, म्हणजे नीलगाई, उड्या मारत बाहेर पडले आणि त्यांच्यामागं हातात काठी घेतलेली हीच पोरगी. बापाबरोबर राखणीला आली होती. त्यानं गाडी थांबवली.

दुसऱ्या दिवशी सरावाला ती नेहमीसारखीच गप्प. ‘सर, मले नाई जमत ओरडणं.’

‘कायचं नाई जमत? काल रोही हाकलून रायली होती ना तू?’

ती खाली पाहत म्हणाली, ‘तिथं कोणी पाह्यत नाई ना, सर.’

हे उत्तर त्यानं मला सांगितलं तेव्हा मी सरळ वहीत लिहून घेतलं. आवाज होता, धाडसही होतं. तिला पाहणाऱ्यांची लाज होती. मग त्यानं पाहणारे डोळेच बंद केले. तीन बॅकच्या डोळ्यांवर त्यांच्याच ओढण्या बांधायच्या, मैदानात विटा मांडायच्या, आणि कीपरनं गोलातून नुसत्या आवाजावर एकेकीला तिच्या विटेपाशी पोचवायचं. पहिल्या दिवशी तिनं ‘डावीकडं’ म्हटलं आणि तिघीही डावीकडं वळून एकमेकींवर आदळल्या. हसून हसून सगळ्या मातीत बसल्या. त्या हसण्यातून नियम निघाला : आधी नाव, मग शब्द. नाव नसलेली सूचना कोणाचीच नसते, हे त्याच्या मनगटावरच्या चिकटपट्टीतलंच शहाणपण, पण पोरींना ते टेंगूळ येऊन कळलं.

शब्द चारच ठेवले, आणि ते पोरींनी ठरवले. ‘माझा’, ‘मार’, ‘निघा’, ‘मांगं’. कॉलरीच्या पोरींनी ‘पीछे’चा आग्रह धरला होता, ‘मांगं’ जिंकला, कारण तो जास्त लांबवर ऐकू जातो असं त्यांनी स्वतः ओरडून पाहिलं. त्यानं स्वतःवर एक बंधन घातलं : सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांच्या सामन्यात शिट्टी दातांत धरायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिले काही दिवस त्याचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. शिट्टीच्या प्लास्टिकवर दातांचे खड्डे पडलेत.

हे सगळं हिवाळाभर चाललं, पण रोज जेमतेम तासभर. सूर्य कलला की पोडावरच्या पोरींना सोडावंच लागतं. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीचं प्रकरण झालं, तेव्हापासून अंधार पडल्यावर पोरं बाहेर ठेवायला कोणी तयार नसतं, आणि ते बरोबरच आहे.

भारताचा गोलकीपर सुब्रत पालची गोष्टही तो पोरींना सांगायचा. २०११ च्या आशिया चषकात भारत तीनही सामने हरला, ऑस्ट्रेलियाकडून ४-०, बहरीनकडून ५-२, दक्षिण कोरियाकडून ४-१. तेरा गोल खाल्ले, आणि तरी गोलकीपरचं नाव झालं. किती खाल्ले ते फलकावर दिसतं, किती अडवले ते दिसत नाही, एवढंच तो म्हणायचा आणि पोरींना मोबाइलवर ते सामने दाखवायचा.

दुसरं वर्ष

ऑगस्ट २०२४. पुन्हा तेच पटांगण, पुन्हा त्यांच्याविरुद्ध आमची शाळा. तो बाकावर, दातांत शिट्टी. आमची पुढची खेळाडू एकदा एकटीच सुटली होती. चेंडू तिच्या आणि त्यांच्या सेंटर बॅकच्या मध्ये उसळला, आणि गोलातून बॅकचं नाव आणि पाठोपाठ ‘माझाऽऽ’ अशी आरोळी आली. त्यांची बॅक बाजूला झाली. दुर्दैवानं आमची पोरगीही जागच्या जागी थांबली. कीपरनं येऊन चेंडू शांतपणे उचलला. मी सवयीनं पंचांकडे पाहिलं. ओरडून प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम फसवणं नियमात बसत नाही. पंच हसून म्हणाले, ‘नाव कोणाचं घेतलं ते ऐकलं ना, सर?’ आम्ही ०-१ हरलो.

तालुक्यात मुलींचे संघ मोजके, त्यामुळे तेवढ्यावर ते जिल्ह्याला गेले. यवतमाळ म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. पहाटे चारला काळीपिवळी ठरवली, भाडं गावातल्या एका कृषी केंद्रवाल्यानं भरलं. सामना ०-० सुटला आणि टायब्रेकर लागला, म्हणजे निकाल पेनल्टी किकांवर. अकरा मीटरवरून जोरात मारलेला चेंडू, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाचा धरला तर, सेकंदाच्या चार दशांशांत गोलात असतो. शाळेतल्या पोरी तेवढ्या वेगानं मारत नाहीत, पण गोलातही शाळेतलीच पोरगी असते. मारेपर्यंत निदान एक पाय रेषेवर ठेवावा लागतो, हे तिला पाठ होतं. तिनं एक अडवला. पण तिच्याच संघातल्या तीन पोरींनी चेंडू बाहेर घालवला किंवा समोरच्या कीपरच्या हातात दिला. २-३ नं हरले.

इथं माझं एक मत नोंदवतो, त्याला ते पटत नाही. संघात दुसरी कीपर तयारच केली नव्हती. बाकावरची खुर्ची ज्यानं स्वतः सोसली, त्यानंच दुसऱ्या कीपरला बाकावरही बसवलं नाही. मी म्हटलं तर म्हणाला, पोरीच अकरा-बारा येतात, तर दुसरी कुठून आणू? खरं आहे. पण उद्या हिचं बोट मोडलं तर वर्षाची मेहनत पाण्यात. शिवाय ही दहावीची परीक्षा देईल, मग शाळा सुटेल. हा प्रश्न त्यानं अजून सोडवलेला नाही.

दुसरा प्रश्न त्याच्या हातात नाही. शाळेत शारीरिक शिक्षक म्हणून लागायला बी.पी.एड. हवं. हा बारावी. एकेकाळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, म्हणजे १९१४ पासूनच्या त्या संस्थेत, शिकायला जायचं त्याच्या डोक्यात होतं. त्या साली कापूस बुडाला. फुटबॉल महासंघाची कोचिंगची शिडी वेगळी : आधी डी लायसन्स, मग सी, बी, ए. गोलकीपर कोचचे कोर्स निराळे. पण डी लायसन्स काढलं म्हणून शाळेत जागा मिळत नाही, तासिका तत्त्वावरसुद्धा. फी, प्रवास आणि काट्यावरच्या बुडालेल्या रात्री धरून किती होतं, तो हिशेब त्याच्या बायकोनं वहीत मांडून ठेवला आहे. मी पाहिला, आणि मग मीही त्याला आग्रह करणं सोडलं. गोलकीपर राहिलेले कल्याण चौबे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले, ही बातमी मी त्याला कौतुकानं दाखवली होती. ‘मंग कीपरले दिवस आले म्हना’ म्हणाला आणि पोती उन्हात वाळत घालायला गेला. मानधनाचं शाळा अजून ‘बघू’च म्हणते.

नियम मात्र तो न चुकता वाचतो, बॅकपासचा धडा विसरला नाही. कीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजणार, हा २०२५ चा बदल आमच्या तालुक्यात पहिल्यांदा त्याच्याकडूनच कळला. पोरींना तो आता आठ आकडे मोठ्यानं मोजायला लावतो, चेंडू छातीशी धरून.

यवतमाळहून परतताना मीही त्याच काळीपिवळीत होतो. पोरींनी वडापाव खाल्ले, गाणी म्हटली आणि झोपल्या. कीपर पोरीचा आवाज पार बसला होता, ती खुणांनी पाणी मागत होती. करंजीच्या पुढे त्याचा फोन वाजला. कोळसा खाणीच्या एका वसाहतीत रात्रीची स्पर्धा होती, यंदा मुलींचा एक सेव्हन अ साइड सामनाही ठेवला होता, आणि एका टीमला कीपर मिळत नव्हता.

‘हाय माह्याकडं,’ तो म्हणाला.

आवाज मोठा होता, मला पलीकडचं स्वच्छ ऐकू आलं.

‘ग्लव्ज स्वतःचे आहेत ना तिचे?’